गळणारी बाटली आणि ट्रिमिंग मशीनचं कोटेशन

तुमचं म्हणणं मला असं समजलं: सांगलीजवळ कुपवाडला शेड, गरम प्लास्टिकची नळी मोल्डमध्ये (साच्यात) हवेने फुगवून बाटली करणारं सिंगल स्टेशनचं एक ब्लो मशीन, एचडीपीई प्लास्टिकची १ लिटरची फिनाइलची बाटली. तोंडावर जादा प्लास्टिकची टोपी येते ती पोरं ब्लेडने कापतात, बुडाखाली उरलेली जादा प्लास्टिकची शेपटी हाताने मोडतात आणि माल भरल्यावर शंभरात दहा-बारा बाटल्या गळतात. आता कोणीतरी हा जादा भाग कापणाऱ्या ऑटोमॅटिक ट्रिमिंग मशीनचं कोटेशन दिलंय, तर ते घ्यावं का?

आज घेऊ नका. ट्रिमर वाईट असतो म्हणून नाही, आमच्या वसईच्या गाळ्यात एक चालतोय. पण तुमच्या दहा-बारा बाटल्या नेमक्या कुठून गळतात हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तोंडातून गळणं आणि बुडातून गळणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि ट्रिमर त्यातल्या फार तर एकावर औषध आहे.

आधी एवढं करा. गळणाऱ्या वीस बाटल्या घ्या, रंगीत पाणी भरा, झाकण घट्ट लावा. दहा उलट्या करून वर्तमानपत्रावर ठेवा, दहा सरळ. तासाभरात कागद सांगेल.

उलट्यांखाली डाग पडला तर तोंड. त्यासाठी रबरी शिक्क्याचं शाईचं पॅड आणा. बाटलीचं तोंड पॅडवर टेकवा आणि कोऱ्या कागदावर शिक्का मारा. गोल अखंड उमटायला हवा. ब्लेडने कापलेल्या तोंडाचा गोल मी तरी अखंड उमटलेला क्वचितच पाहिलाय. कुठे फट, कुठे दुहेरी रेघ. झाकणातला वॅड, म्हणजे आतली मऊ चकती, अशा तोंडावर दोन-तीन ठिकाणी टेकतो आणि मधल्या फटीतून फिनाइल बाहेर येतं. यात पोरांना बोलण्यात अर्थ नाही. १५ सेकंदांचं सायकल धरलं तर तासाला २४० बाटल्या होतात. एकट्याने दर पंधरा सेकंदाला एक तोंड सपाट कापायचं, शेपटी मोडायची आणि बाटली पोत्यात टाकायची, तेही रात्रपाळीत. तुम्ही स्वतः अर्धा तास करून बघा.

सरळ ठेवलेल्यांखाली डाग पडला तर बूड. बाटली बुडाच्या जोडाला आडवी चिरा आणि आतून जोड बघा. चांगल्या जोडाला आतल्या बाजूने थोडा उंचवटा असतो, बोटाला लागतो. तिथे खाच दिसली, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी घळ, तर जोड कच्चा आहे. अशी बाटली आज गळली नाही तरी गाडीत आपटून फुटेल.

जोड कच्चा का राहतो? मोल्ड मिटताना नळीच्या, म्हणजे पॅरिझनच्या, दोन भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि तिथेच सांधल्या जातात. पिंच-ऑफची, म्हणजे नळी चिमटून तोडणाऱ्या मोल्डच्या कडेची, धार फार पातळ झाली असेल तर ती सांधायच्या आधीच कापून टाकते. फार रुंद असेल तर मोल्ड पुरता मिटत नाही आणि शेपटी जाड राहते. एचडीपीईला पाव ते अर्धा मिलिमीटर सपाट धार साधारण चालते, पण तुमच्या ॲल्युमिनियम मोल्डला तिथे स्टीलचा किंवा बेरिलियम कॉपरचा इन्सर्ट (वेगळा बसवलेला तुकडा) नसेल, तर वर्षभरात ती धार झिजून काय झाली असेल ते भिंगाखाली बघा. धार ठीक असेल तर नळी थंड पडतेय, मोल्ड फार जोरात मिटतोय किंवा हवा फार लवकर सुटतेय. हवा अर्धा सेकंद उशिरा सोडून बघा. फुकटातला प्रयोग आहे.

आता शेपटी. शेपटीत दोन भिंती एकत्र असतात, म्हणजे जाडी बाटलीच्या भिंतीच्या दुप्पट. जाडी दुप्पट झाली की थंड व्हायला लागणारा वेळ साधारण चौपट होतो. म्हणून बाटली हातात धरण्याइतकी थंड झाली तरी शेपटी चटका देते. अशी गरम शेपटी ओढली की तिच्याबरोबर बुडातून तार निघते आणि जोड उघडतो. तुमच्या बुडातल्या गळतीत काही वाटा या ओढण्याचाही असणार. फार थंड झाली तर मोडायला पक्कड लागते. मधली वेळ सापडायला हवी. ती सापडत नसेल तर मोल्डमधला फ्लॅशचा, म्हणजे या जादा मालाचा, खिसा मोजा. हा खिसा खोल असला की शेपटी मोल्डला चिकटतच नाही, मग थंड कशाने होणार? उथळ असला तर सगळा दाब शेपटीच खाते आणि मोल्ड उघडा राहतो. टूलरूममध्ये हा खिसा बहुतेक वेळा अंदाजाने काढतात. मी दोन मोल्डचे खिसे नंतर भरून परत घासून घेतलेत.

तोंडाकडे येतो, कारण पैसे तिथे जाणार आहेत.

तोंड दोन पद्धतींनी होतं. एक तुमची: वर टोपी फुगवायची आणि नंतर कापायची. दुसरी: ब्लो पिन, म्हणजे हवा फुंकणारी पोकळ दांडी, वरून मोल्डच्या तोंडात दाबत उतरते, तोंडाचं आतलं माप तीच घडवते आणि तिच्यावरची कटिंग रिंग खालच्या कडक प्लेटवर बसून वरचा जादा भाग तिथेच कापते. बाटली बाहेर येते ती तयार तोंड घेऊन. वरचा छल्ला नुसता टिचकीने निघतो. लहान तोंडाच्या १ लिटरच्या बाटलीला, तुमच्यासारख्या मशीनवर, मी डोळे मिटून दुसरी पद्धत घेईन.

कोटेशनवाल्याने जे सांगितलं नसेल ते असं, की फिरत्या ट्रिमरलासुद्धा मोल्ड बदलावा लागतो. त्यात बाटली स्वतःभोवती फिरत पात्यासमोरून जाते आणि पात्याला वाट दाखवायला टोपीच्या मुळाशी एक खाच लागते. ही खाच मोल्डमध्येच घडवलेली असते. तुमच्या टोपीला ती नसेल तर पातं एका फेरीत जिथे सुरू झालं तिथे परत येणार नाही आणि तोंडाला पायरी पडेल. म्हणजे मोल्डचं नेक इन्सर्ट (तोंड घडवणारा तुकडा) दोन्हीकडे बदलायचंच आहे. मग ते बदलून पिनचा सेट बसवा, ट्रिमरचे पैसे वाचतात. रुंद तोंडाची बरणी असती किंवा तासाला हजारोंचा आकडा असता, तर मी उलट सांगितलं असतं.

पिनच्या पद्धतीला तिचे लाड आहेत. रिंग आणि प्लेट दोन्ही कडक स्टीलच्या हव्यात आणि पिन बरोबर मध्यावर हवी. केसभर सरकली की तोंडाच्या एका बाजूला झालर येते आणि नवा ऑपरेटर हवा वाढवत बसतो. पिनच्या आतून पाणी फिरलं पाहिजे, नाहीतर तोंड आतून मऊ राहतं, नंतर आवळतं आणि झाकण बसत नाही. मापं मशीनजवळ घेऊन हुरळून जाऊ नका. एचडीपीई बाहेर आल्यावरही आकसत राहते, तोंडाचं खरं माप २४ तासांनी घ्या. बाटली दुसऱ्या दिवशी थोडी आकसली म्हणून आमचा एक गिऱ्हाईक आख्खं लॉट परत करायला निघाला होता, लेव्हल वर दिसते म्हणून. तेव्हापासून आम्ही मोल्डलाच आकसण्याचा हिशेब धरून घेतो.

हिशेब निघालाच आहे तर स्क्रॅपचाही मांडून ठेवा. समजा बाटली ५० ग्रॅम, टोपी आणि शेपटी मिळून १२ ग्रॅम. तासाला २४० बाटल्या म्हणजे एक्स्ट्रूडरला (माल वितळवून नळी काढणाऱ्या भागाला) जवळपास १५ किलो वितळलेला माल द्यावा लागतो, त्यातले पावणेतीन-तीन किलो ग्राइंडरला परत जातात. दोन पाळ्यांत ४६ किलो. जेवढा निघतो तेवढाच चुरा रोजच्या रोज परत घातला तर तो एकूण मालाच्या १९ टक्के पडतो आणि मशीन शांत चालतं. गडबड होते ती साठवलेला चुरा शनिवारी एकदम ओतल्यावर. नळीची लांबी बदलते, फुगणं बदलतं आणि कटिंगचं सेटिंग बिघडल्यासारखं दिसतं.

चिलरचं, म्हणजे मोल्डला थंड पाणी देणाऱ्या यंत्राचं, एक. सांगलीत उन्हाळ्यात १० अंशांचं पाणी चालेल. इथे वसईत जुलैमध्ये तेच पाणी सोडलं की मोल्डला घाम फुटतो आणि बाटलीवर वण उठतात. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तुम्हालाही दिसेल. घाम थांबेपर्यंत पाण्याचं तापमान वाढवा, सायकल थोडं लांबेल, सहन करा. आणि मोल्डला आरशासारखं पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. एचडीपीईला सँडब्लास्ट केलेला खरखरीत मोल्ड लागतो, नाहीतर हवा अडकून बाटलीला संत्र्याची साल येते. आरसा पेटच्या, म्हणजे कोल्ड्रिंकच्या पारदर्शक, बाटलीला. हवेच्या दाबातही पेटवाल्यांचं ऐकू नका, त्यांना ३० बारच्या आसपास लागतो, तुमचं काम ६-७ बारमध्ये होतं.

पुढे कधी ट्रिमर किंवा पंच बसवलात, तर त्याला स्वतंत्र डंप व्हॉल्व्ह, म्हणजे भरलेली हवा सोडून देणारा व्हॉल्व्ह, बसवून घ्या. आमच्याकडे एकाने मेन स्विच बंद करून अडकलेली शेपटी काढायला हात घातला. सिलिंडरमध्ये हवा भरलेलीच होती. पंच खाली आला. दोन टाके, हाड वाचलं. तेव्हापासून आमच्या गाळ्यात जाळीचं दार उघडलं की आधी हवा निघून जाते आणि ती जोडणी काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही.

वीस बाटल्यांचा निकाल, शिक्क्याच्या कागदाचा फोटो आणि बुडाची चिरलेली बाटली इथे टाका. मोल्डवाल्याकडे जाण्याआधी टाकलीत तर बरं, म्हणजे इन्सर्टचं ड्रॉइंग करताना पिनचा व्यास काय धरायचा तेही बोलता येईल.