रविवारच्या पानावरचं अक्षर

ताई, माझे बाबा मुंबईत दिवाणी दावे चालवणारे वकील. आठवडाभर कोर्ट आणि पावसाळा सोडला तर रविवारी शिडाची होडी. गेटवेहून सकाळी निघायचे, कधी मांडव्यापर्यंत, कधी खांदेरीच्या दीपस्तंभापर्यंत. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आहे. दादा म्हणतो, गाजलेले दावे आणि वकील मित्रांचे लेख घेऊ, होडीचा एक फोटो पुरे. मला वाटतं, बाबा खरे जगले ते समुद्रावर. यावरून आमचं बोलणं बंद झालंय. आईला विचारून उपयोग नाही. ती रेवदंड्याची असली तरी होडीत कधी चढली नाही, तिला यातलं काही कळत नाही. बाबांच्या कोर्टाच्या डायऱ्या चाळल्या, पण रविवारची पानं कोरी. आईनं तिचे उपास तेवढे लिहून ठेवलेत: चतुर्थी ३, षष्ठी ४॥, एकादशी ८। असं काहीतरी. दादा त्या रद्दीत काढायच्या म्हणतोय. त्याला कसं समजावू?
— एक मुलगी, दादर

दादाचं नंतर बघू. आधी त्या डायऱ्या पुन्हा उघडा.

दर षष्ठीला कोण उपास करतं? आणि उपासापुढे आकडा कशाला? तिथीची पाऊणपट करून बघा. चतुर्थीचे तीन, षष्ठीचे साडेचार, एकादशीचे सव्वाआठ. मुंबईच्या बंदरात त्या तिथीला पूर्ण भरती साधारण त्या वाजता येते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांना तो तोंडपाठ असतो. रेवदंड्यात वाढलेल्या मुलीला तो वेगळा शिकावा लागला नसणार.

तुमची आई उपास लिहीत नव्हती. ती भरती लिहीत होती.

शिडाच्या होडीला हा आकडा किती मोलाचा, ते अष्टमीच्या रविवारी कळतं. भरती सकाळी सहाला, सुकती बाराला, पुन्हा भरती संध्याकाळी सहाला. सकाळी मतलई वाऱ्यावर, उतरत्या पाण्याबरोबर बाहेर पडायचं. दुपारी खारा वारा सुटला की चढत्या पाण्याबरोबर आत यायचं. जातानाही पाणी साथ देतं, येतानाही. पौर्णिमेला नेमकं उलट. बाराच्या सुमारास भरती आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी बाहेर ओढत राहतं. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, तेव्हा त्या ओढीचा जोर काय असेल बघा. अशात वारा पडला तर गेटवे डोळ्यांसमोर असतो आणि होडी मागे मागे जाते. खांदेरीला जायचं की मांडव्यावरूनच परतायचं, किती वाजता तोंड फिरवायचं, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

भरती-ओहोटीची छापील कोष्टकं मिळतात, आणि इतकी वर्षं होडी चालवणाऱ्या वकिलाकडे ती नसतील हे मला पटत नाही. तरी डायरीत अक्षर आईचं आहे. का, ते तीच सांगेल.

आणि डायरी कुठली? कोर्टाच्या तारखांची. वकील ती डायरी सहसा कुणाच्या हाती देत नाही. एक तारीख नजरेतून सुटली तर दावा एकतर्फी निकाली निघू शकतो. त्या डायरीत आठवड्यातलं एक पान तुमच्या बाबांनी तिच्यासाठी सोडलं होतं. कोर्टातले बाबा खरे की समुद्रावरचे, यावरून तुम्ही दोघं भांडताय. ते दोन्ही बाबा त्याच डायरीत आहेत, आणि दोघांनाही ओळखणारी बाई तुमच्याच घरात बसली आहे.

‘तिला यातलं काही कळत नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला राग आला. दादानं बाबांची होडी एका फोटोत उरकली म्हणून तुमचा जीव कळवळतो. तुम्ही आईला अर्ध्या वाक्यात उरकलंत. होडीत चढली नाही म्हणून? नवरा बाहेर समुद्रावर असताना पाणी कुठल्या वेळी कुठे वळतंय हे जिला ठाऊक होतं, तिचे ते रविवार घरात कसे गेले असतील, हे तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

डायऱ्या रद्दीत जाता कामा नयेत. त्यात अशिलांची नावं आणि त्यांच्या घरातली भांडणं आहेत, त्या कागदांत उद्या कुणी शेंगदाणे बांधून देईल. दादाही वकिलाचाच मुलगा आहे, एवढं सांगितलंत तर त्याला पटेल. अशिलांची पानं कुणाला दाखवू नका, छापूही नका. रविवारची जपा.

येत्या रविवारी त्यातल्या दोन-तीन डायऱ्या घेऊन आईशेजारी बसा. दादालाही बोलवा, अबोला असला तरी. एक पान उघडा, ४॥ वर बोट ठेवा आणि विचारा, ‘आई, हे तू कधी लिहायचीस?’ मग गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही. कदाचित ‘काही नाही गं, असंच’ म्हणेल. तेव्हा पुढचं पान उघडा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, त्याला लेखाचं वळण द्यायला जाऊ नका.

स्मरणिका त्यानं सुरू होईल. वकील मित्रांचे लेख आणि होडीचे फोटो मागून. छापखान्याला आजच फोन करा आणि सांगा, पहिली चार पानं अजून यायची आहेत.