स्टेपुरता दावा

प्रिय मुली,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. चुलतभावाच्या गोदामाचं काम अडवायला आलेल्या तुझ्या पक्षकाराचं एक वाक्य तू सहज बोलून गेलीस. "निकाल वीस वर्षांनी लागू दे, मला फक्त स्टे काढून द्या." आणि मग मला विचारत राहिलीस, दाव्याला कारण काय दाखवू, हद्दीचं अतिक्रमण की वहिवाटीचा रस्ता? अगं, त्याने तुला सगळं सांगूनच टाकलंय. ज्याला निकाल नको, त्याचा दावा लिहायचा नाही.

तुझे सिनिअर म्हणतात, पक्षकार सांगेल ते लिहावं, खरंखोटं कोर्ट ठरवेल. मीही माझ्या ज्युनिअरांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. ठरवतं ना कोर्ट. पण समन्स बजावणार, प्रतिवादीची लेखी कैफियत येणार, मुद्दे निघणार, मग सरतपास, उलटतपास, मध्ये कोणी वारलं तर वारस रेकॉर्डवर घ्यायचे. तोवर निशाणी पाचवर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, मिळालेला 'जैसे थे'चा हुकूम हाच त्या माणसाच्या आयुष्याचा निकाल होऊन बसतो.

तुझे वडील माझ्याकडे एकवीस वर्षं कारकून होते. 1994 सालची एक गोष्ट त्यांनी तुला कधी सांगितली असेल असं वाटत नाही, कारण माझी लाज राखायची त्यांना सवय होती. माझ्या एका पक्षकाराच्या शेजारी पोस्टात नोकरी करणारे एक गृहस्थ घर बांधत होते. माझ्या पक्षकाराला तो कोपरा स्वतःला हवा होता, स्वस्तात. दीड फुटाचं अतिक्रमण दाखवून मी दावा लिहिला. तुझे वडील टाइपरायटरवर बसले होते. सिटी सर्व्हेचा मोजणी नकाशा टेबलावरच होता. तो हातात घेऊन त्यांनी विचारलं, "साहेब, हा जोडायचा ना?" मी म्हणालो, "राहू दे."

त्या नकाशात अतिक्रमण नव्हतं.

समोरच्याचं न ऐकताच एकतर्फी 'जैसे थे' मिळाला आणि नऊ वर्षं टिकला. पुढे एकदा कोर्ट कमिशनरबरोबर मी जागेवर गेलो. भिंती लिंटलपर्यंत येऊन थांबल्या होत्या. कॉलमच्या सळ्या गंजू नयेत म्हणून त्या गृहस्थांनी प्रत्येक टोकावर प्लास्टिकची बाटली उलटी घातली होती. सिमेंटच्या पोत्यांचा दगड झाला होता, पोत्याच्या सुरकुत्यांसकट. त्यातली दोन त्यांनी दारात पायरी म्हणून टाकली होती. मी त्याच पायरीवरून आत गेलो. ते बाहेर उभे राहून "सावकाश या साहेब" म्हणाले. पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते चालूच होते आणि राहत होते भाड्याच्या दोन खोल्यांत.

शेवटी दावा कसा संपला, ऐक. माझ्या पक्षकाराला स्वतःचं घर विकायचं होतं आणि दावा चालू असलेली मिळकत कोणी घेईना. त्याने कोर्टात एका ओळीचं लेखी निवेदन, म्हणजे पुरसिस, दिली, 'वादीस दावा पुढे चालवावयाचा नाही.' तीही मीच लिहिली. नऊ वर्षांचा दावा, आणि निकाल वादीला पहिल्या दिवसापासून नको होता.

मी शपथेवर धडधडीत खोटं लिहिलं नव्हतं, 'वादीच्या माहितीप्रमाणे' असं घातलं होतं. हुकूम मी दिला नव्हता. समोरचे वकीलही माझ्याइतकेच मुदत अर्ज देत होते. हे सगळं खरं आहे आणि मी ते स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. पण नकाशा माझ्या टेबलावर होता.

कायद्यात इलाज नाहीत असं समजू नकोस. एकतर्फी मनाई दिली तर तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 39 नियम 3-अ सांगतो. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असं ऑर्डर 17 मध्ये आहे. आता कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या दाव्यांच्या यादीवर, बसून मोज, किती पाळलं जातं ते. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल कलम 35-अ खाली नुकसानभरपाईची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे, 1976 पासून तीच. व्यापारी दाव्यांना ती मर्यादा आता नाही, पण बांधाच्या आणि भिंतीच्या भांडणाला आहे. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली तर कलम 95 खाली जास्तीत जास्त पन्नास हजार. तुझा पक्षकार तुला फीच चाळीस हजार देतोय! त्याने हिशेब केलाय, तूही कर.

1977 साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एका भाडेकरूच्या वादातून उठलेल्या असल्याच दाव्यात सांगितलं होतं की, शब्दांच्या चलाखीने दाव्याला कारण असल्याचा नुसता आभास केला असेल तर ऑर्डर 7 नियम 11 वापरून तो मुळातच खुडावा. त्याच निकालात त्यांनी वकिलांनाही सांगितलं की, असले पक्षकार तुम्हीच गाळा. तो निकाल मी वकिलीच्या पहिल्या वर्षी वाचला होता. वाचून काय उपयोग झाला!

आणि 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं मला ऐकवू नकोस. त्या म्हणीचा मला राग येतो. भावांनी वारसनोंदीत नाव लावलं नाही, अशी बाई मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. तिने पायरी चढायची नाही तर काय करायचं? तिला निकाल हवाय, उद्या हवाय. तिची तारीख चार महिने पुढे जाते, कारण तिच्या पुढे बोर्डावर निकाल नको असलेले दावे रांग लावून उभे आहेत. अशांचे दावे लिही, रात्र रात्र जागून लिही.

ऑफिसचं भाडं थकलंय, हे मला माहीत आहे. 2003 नंतर मी निकाल नको असलेला एकही दावा घेतला नाही. त्यापायी एका पतसंस्थेचं सगळं काम गेलं, दोन ज्युनिअर सोडून गेले. बाररूममध्ये मला हेकट म्हणतात. म्हणू देत. उशिरा आलेला हेकटपणा आहे, म्हणूनच तो तुला आधी यावा असं वाटतं.

सोमवारी तो माणूस येईल तेव्हा दाव्याचा मसुदा काढू नकोस. भूमी अभिलेखच्या मोजणीचा अर्ज भर, सही घे आणि तेवढ्याच कामाची फी घे. मोजणीच्या दिवशी चुलतभावालाही बोलाव आणि तू स्वतः जागेवर उभी राहा. हद्दीत खरंच फरक निघाला तर मी तुझ्या शेजारी बसून दावा लिहीन, नकाशा जोडून. तो मोजणीला नको म्हणाला, तर वकीलपत्र त्याच्या हातात परत दे.

वडिलांना नमस्कार सांग. हे पत्र त्यांना दाखवलंस तरी चालेल.

तुझा,
काका