बायबलला कौल लावू नकोस

सलाम. वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी दिसतेस, म्हणून एकेरीत लिहितो.

तुझं लिहिणं दोनदा वाचलं. पुण्यात नर्स आहेस, मस्कतच्या हॉस्पिटलचं बोलावणं आलंय, गावाकडे आई एकटी आणि तिला शुगर. तीन महिने प्रार्थना करतेयस, पण ‘स्पष्ट उत्तर’ नाही. एकदा बायबल उघडलं तर यिर्मया २९:११ निघालं, ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’, म्हणजे जा. मग प्रार्थना गटातल्या काकूंना प्रभूने दाखवलं की जाऊ नको. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आणि शेवटी विचारलंयस, चुकीचं निवडलं तर जन्मभर देवाच्या इच्छेबाहेर राहीन का?

आधी बायबल उघडण्याचं. हा उद्योग मीही केलाय. १९८७ साली माझ्यापुढे दोन नोकऱ्या होत्या, नगरमध्ये एका शाळेत मास्तरकी आणि पुण्याला बँकेत क्लार्क. दिवसभर उपास धरला, रात्री डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. पहिल्यांदा इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली वंशावळ, नुसती नावंच नावं. दुसऱ्यांदा लेवीय नावाचं नियमांचं पुस्तक, कुष्ठरोग्याने याजकापुढे कसं जायचं ते. तिसऱ्यांदा प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय : यरुशलेम सोडून जाऊ नका. झालं! नगर हेच यरुशलेम. बँकेला नकार कळवून टाकला. पहिली दोन उत्तरं का धरली नाहीत, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. खरं तर मला नगर सोडायचंच नव्हतं. कारण चर्चच्या गायकवृंदात दुसऱ्या रांगेत उभं असायचं. (पुढे तिच्याशीच लग्न झालं.)

शाळेचा पगार नंतर अकरा महिने रखडला, तेव्हा मी देवावर रुसलो. तूच सांगितलं होतंस ना, म्हटलं. त्याने काहीच सांगितलं नव्हतं. ठरवलं मी होतं आणि खाली सही त्याची मारली होती.

माझ्या आजीचं माहेर कोकणातलं. ती म्हणायची, देवळात गुरव कौल लावतो, उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आपण ते सोडलं आणि आता बायबललाच कौल लावायला लागलो. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, म्हातारी बरोबर बोलत होती.

आता तुला निघालेलं वचन. आमच्याकडे ते कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, पण अकरावी ओवी एकटी वाचायची नाही. ते पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा ठणकावून सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना माघारी फिरणं बघायलाही मिळणार नव्हतं. मग त्यांनी काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याचं हित बघा. ‘हिताचे संकल्प’ हे शब्द त्यानंतर येतात. आणि त्याआधी, आठव्या ओवीत, तुमच्यातल्या संदेष्ट्यांना फसू नका असंही बजावलंय. या वचनातून मस्कतचं विमान काढता येत नाही. पुण्यातलं हॉस्टेलही काढता येत नाही. देव तुझ्या भल्याचा आहे एवढं मात्र त्यातून नक्की घे.

कोणीतरी तुला गिदोनाची लोकरही सुचवेल, म्हणजे त्याने देवाकडे मागितलेली खूण. एका रात्री लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलटं. पण बायबलातल्या शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाच. काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगून झालं होतं. ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असं तो स्वतःच म्हणतो आणि मग लोकर पसरतो. त्याला इच्छा कळली नव्हती असं नाही, धीर होत नव्हता. देवाने त्याची कीव केली, हे खरं. पण ती पद्धत म्हणून आपल्याला शिकवलेली नाही.

राहता राहिल्या काकू. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नको. पण प्रेषितांची कृत्ये २१ काढ. अगब संदेष्टा प्रेषित पौलाचा कमरबंद घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो, हा ज्याचा आहे त्याला यरुशलेमात असंच बांधतील. सगळे रडतात, जाऊ नकोस म्हणून गळ घालतात. आणि भविष्य खरंही ठरतं! तरी पौल जातो. तेव्हा ते गप्प होतात आणि म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. म्हणजे खऱ्या संदेष्ट्याने पुढचं संकट दाखवलं तरी निर्णय पौलाचाच राहिला. काकूंना दिसलं असेल तर ऐकून घे, वचनाला लावून बघ, पाळकांशी बोल. मात्र तुझा पासपोर्ट काकूंच्या स्वप्नाकडे गहाण ठेवू नकोस. ‘मी सांगितलेलं न ऐकणं म्हणजे देवाचा अपमान’ असं कोणी म्हणायला लागलं तर तिथून चपला घालून निघायचं. हे मी जरा कडकच बोलतोय, पण अशाने मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत.

मग देवाची इच्छा असते तरी कुठे? बरीचशी उघड्यावर लिहिलेली आहे आणि म्हणूनच आपल्याला तिच्यात रस नसतो. तुमचं पवित्रीकरण व्हावं, म्हणजे तुम्ही पवित्र व्हावं, हीच देवाची इच्छा, असं पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात सरळ लिहिलंय. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हेही त्याच पत्रात आणि हीही देवाची इच्छाच म्हटलीय. मीखा संदेष्टा म्हणतो न्यायाने वाग, दया कर, देवाबरोबर नम्रपणे चाल. यात मस्कत नाही, पुणं नाही. पण वॉर्डात रात्रपाळीला बेल वाजवणाऱ्या पेशंटशी कसं बोलायचं, आईला खर्चाचे पैसे वेळेवर पाठवायचे की नाही, एजंटने अनुभवाचा खोटा दाखला करून दिला तर तो लावायचा की नाही, हे सगळं त्यात आहे. यातलं काही मोडून जावं लागत असेल तर जाऊ नकोस. त्याला वेगळी खूण नको. काहीच मोडत नसेल तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. बापाने दोन्ही ताटं वाढून ठेवली तर यातलं विषाचं कुठलं, असं आपण शोधत बसत नाही.

तीन महिने उत्तर नाही, याचंही फार मनाला लावून घेऊ नकोस. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची रेल्वेतली गोष्ट आपण सगळे चर्चमधल्या साक्षीत सांगतो : डब्यात एका परक्या साहेबाने नवा करार हातात दिला आणि १८९५ साली बाप्तिस्मा. सांगायला सोपी आहे. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षं, त्यातला बराच काळ नवऱ्यापासून लांब, त्या रडत-भांडत, विचार करत राहिल्या. त्या पाच वर्षांत देव गप्प होता असं मला वाटत नाही.

आता भरवसा. इथे मी मास्तर नाही. माझी बायको दोन वर्षं डायलिसिसवर होती, २०११ मध्ये गेली. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवत म्हटलं, ‘देवाची इच्छा, भाऊ.’ मी उठून आत गेलो. माझं ठाम मत झालंय की हे वाक्य ज्याचं दुखतं त्याने म्हणावं, भेटायला आलेल्याने नाही. भावांनी विकलेल्या योसेफाकडे बघ. तुम्ही वाईट योजलं होतं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, हे तो स्वतः म्हणाला, तेही कितीतरी वर्षांनी. हेच भावांनी त्याला खड्ड्यात टाकताना ऐकवलं असतं तर?

आणि क्रूसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने काय केलं? बापाची इच्छा ठाऊक असूनही हा प्याला टळू दे असं मागितलं, तेही एकदा नाही. म्हणून मागणं, रडणं, ‘नको’ म्हणणं यातलं काहीच अविश्वास नव्हे. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन या आपल्या आश्रमाचं काम लेक मनोरमाबाईंच्या हाती सोपवायचं ठरवलं होतं. १९२१ साली लेक आईच्या आधी गेली. बाईंनी बायबलच्या भाषांतराचं हातातलं काम सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. लेक का गेली हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही.

बायको गेल्यावर चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना चालली की मी ‘तुझी इच्छा’ या ओळीला गप्प उभा राहायचो. बाकीचे म्हणायचे, मी पुढच्या ‘रोजची भाकर’पासून सामील व्हायचो. असे सात-आठ महिने गेले. शेजारी एक वयस्कर बाई असायच्या. त्यांच्या ते लक्षात आलं होतं, कारण त्या ओळीला त्या जरा मोठ्याने म्हणायच्या, दोघांचं मिळून म्हटल्यासारखं. कधी बोलल्या मात्र नाहीत. आता मी म्हणतो ती ओळ. आवाज अजून थोडा खाली जातो.

‘इच्छेबाहेर राहीन का’ याचं उत्तर : योना संदेष्टा देवाने पाठवलं त्याच्या उलट्या दिशेच्या जहाजात बसला, तरी देवाच्या हाताबाहेर गेला नाही. तू तर विचारून, रडून, प्रार्थना करून निघते आहेस.

शुक्रवारच्या आत एवढं कर. कराराचा कागद मिशनमधल्या नर्सेसना नाही, परदेशात काम करून आलेल्या दोन नर्सेसना दाखव. सुट्टी किती, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात, मुदतीआधी सोडलं तर काय, हे विचार. आईच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांची रक्ततपासणी कोण बघणार ते भावाशी फोनवर नक्की कर, ‘बघू’ यावर थांबू नकोस. आणि आईला समोर बसवून विचार, तुला काय वाटतं. एवढ्या सगळ्या लिहिण्यात तू काकूंचं मत दिलंयस, आईचं दिलेलं नाही.