वाचकांचे प्रश्न: खर्च कुठे, लाभ कुठे?

गेल्या अंकात आम्ही शाश्वत विकास आणि सरकारी पैसा या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली निघाली, म्हणून या वेळी केवळ खानदेशातल्या पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली आहेत.

तळोद्याहून एक शिक्षिका लिहितात: "माझे माहेर नर्मदेकाठच्या बुडित गावांपैकी एक. धरणामुळे देशाचा विकास झाला, असे पाठ्यपुस्तकात मीच मुलांना शिकवते. पण असा विकास अर्थशास्त्रज्ञ मोजतात तरी कसा, आणि त्या मोजणीत आमचे गाव कुठे धरले जाते?"

आपला प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. धरण असलेला जिल्हा आणि नसलेला जिल्हा यांची नुसती तुलना केली, तर उत्तर हमखास चुकते, कारण धरणे वाटेल तिथे बांधली जात नाहीत; ज्या राज्याकडे पैसा आणि राजकीय वजन असते, तिथे ती अधिक होतात, आणि असा मुलूख धरणाशिवायही पुढे गेला असता. एस्थर डफ्लो आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यातून एक वाट काढली. नदीच्या पात्राचा उतार किती आहे, यावर धरण बांधणे सोपे की अवघड हे ठरते, आणि उतार काही कोणत्या मंत्र्याच्या शब्दाने बदलत नाही. त्या उताराच्या आधारे त्यांनी धरणाचा परिणाम बाकीच्या कारणांपासून वेगळा केला. निष्कर्ष असा की, धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत सिंचन व उत्पादन वाढले आणि गरिबी घटली. मात्र ज्या जिल्ह्यात धरण उभे राहिले, त्या जिल्ह्यात शेतीचे उत्पादन लक्षणीय वाढले नाही आणि ग्रामीण गरिबी वाढली. पाऊस दगा देतो त्या वर्षी खालच्या जिल्ह्यांना धरणाचा आधार मिळतो, तर धरणाच्या जिल्ह्याचे हाल अधिकच होतात, असेही त्यांना आढळले.

हे सरासरीचे चित्र आहे. एकट्या सरदार सरोवरावरचा तो निवाडा नव्हे. तरीही नकाशा समोर ठेवून वाचले, की नंदुरबार जिल्हा त्यात ओळखू येतो. उकाई धरणाची भिंत गुजरातेत, पण तिचा फुगवटा तापीतून वर नंदुरबारच्या बाजूला चढला. सरदार सरोवराची भिंतही गुजरातेत, आणि महाराष्ट्रातली बुडिताखालची तेहतीस गावे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार महाराष्ट्राला सरदार सरोवराच्या विजेचा २७ टक्के वाटा मिळतो. पण ती वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते, तिचा हिशेब मुंबईत होतो आणि बुडालेली शेते मात्र सातपुड्यात होती. पुढे २०१८ साली केंद्राने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार होता. त्याची कारणे अनेक आहेत, सगळे खापर धरणावर फोडता येणार नाही.

लाभ झालेल्यांचा लाभ इतका मोठा असावा की त्यातून नुकसान झालेल्यांची भरपाई करता यावी, आणि तसे असेल तर प्रकल्प योग्य, ही आमच्या अर्थशास्त्रातली जुनी कसोटी आहे. भरपाई "करता यावी" एवढेच ती मागते, "केली जावी" असे म्हणत नाही. माझ्या मते ही कसोटी नसून पळवाट आहे. आपल्या माहेरच्या गावासारखी गावे देशाच्या एकूण बेरजेत लाभवाल्यांच्या आकड्याखाली झाकली जातात. जिल्हावार मोजणी केली तरच ती दिसतात. मुलांना शिकवताना धडा तसाच ठेवावा, पण नकाशा फळ्यावर काढून भिंत कुठे आणि पाणी कुठे, एवढे दाखवावे.

रावेर तालुक्यातून एक केळी बागायतदार लिहितात: "ठिबकावर अनुदान मिळाले, आता सौरपंपही मिळाला. पाणी वाचेल म्हणून सरकारने पैसे दिले. पूर्वी माझी चार हजार खोडे होती, आता त्याच ट्यूबवेलवर सहा हजार आहेत आणि पाण्याची पातळी मात्र दरवर्षी खाली जाते. माझे काय चुकते आहे?"

आपले काही चुकत नाही. आपल्या पत्रातच उत्तर आहे. एका खोडाला लागणारे पाणी कमी झाले, म्हणून वाचलेल्या पाण्यावर आपण दोन हजार खोडे वाढवली. कोणताही शहाणा शेतकरी हेच करील. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शेतकऱ्यांनी अधिक कार्यक्षम तुषार-यंत्रे बसवली, तेव्हा भूजलाचा उपसा घटण्याऐवजी वाढला, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दुसरेही एक कारण आहे. पाटाने किंवा दांडाने पाणी दिले की त्यातले काही जमिनीत मुरून पुन्हा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत असे. शेताच्या दृष्टीने ते वाया गेलेले पाणी, पण भूगर्भाच्या दृष्टीने परत आलेले. ठिबकाने ते परतणे बंद झाले.

याचा अर्थ ठिबक वाईट असा मुळीच नाही. उत्पन्न वाढवणे हे उद्दिष्ट असेल, तर ते अनुदान सार्थकी लागले आहे. पाणी वाचवणे हे उद्दिष्ट असेल, तर उपशावर काही तरी मर्यादा त्याच्या सोबत यायला हवी होती, आणि ती आली नाही. सौरपंपाने तर उरलेला लगामही सुटतो. शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरला (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के), की पुढे बिल नाही, भारनियमन नाही, रात्री पाणी द्यायला जाणे नाही. रात्रीच्या वेळी बिबट्याच्या भीतीने बांधावर उभे राहिलेल्या माणसाला या सुखाची किंमत कळते, म्हणून मी त्यावर टीका करायला कचरतो. मात्र ऊन फुकट झाले की पाणीही फुकट झाल्यासारखे वापरले जाते, हे खरेच आहे.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ पासून एक वेगळा प्रयोग झाला. तिथल्या शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था केली, पंप विजेच्या तारांना जोडले, आणि पंप बंद असताना तयार होणारी वीज वीज कंपनी विकत घेऊ लागली. पंप बंद ठेवण्याला भाव आला. पाणी उपसायचे की वीज विकायची, हा विचार करण्याचे कारण शेतकऱ्याला मिळाले. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवण्याच्या योजनेचा, करार केला आहे, आणि यावल-रावेरचा पट्टा त्याकडे आशेने पाहतो. पण एका हाताने सरकारी पैशाने पाणी मुरवायचे आणि दुसऱ्या हाताने सरकारी पैशानेच ते उपसायचे, हे फार काळ जमणारे नाही.

धुळ्याहून वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी विचारतो: "हरित रोखे म्हणजे पर्यावरणासाठी स्वस्तात मिळणारा पैसा, असे आम्हाला वर्गात सांगितले. ते खरे आहे का?"

स्वस्त म्हणावे इतका फरक नसतो. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रथमच असे रोखे (बाँड) काढले, प्रत्येकी आठ हजार कोटींचे. साध्या रोख्यांच्या मानाने व्याजात पडलेला फरक टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजावा लागला. रोखा हिरवा असो की पांढरा, ते कर्जच आहे. फरक इतकाच की, पैसा कशावर खर्च झाला ते सांगण्याचे बंधन त्याबरोबर येते, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग तोच. इंदूर महापालिकेने २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे काढून साठ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी पैसा उभा केला, तो प्रकल्प आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यात. नर्मदेचे पाणी इंदूरला चढवण्याचे वीजबिल हे तिथले मोठे दुखणे होते, त्यामुळे वाचलेल्या बिलातून फेड होणार हे आधीच दिसत होते. जिथे ते दिसत नाही, तिथल्या पालिकेने या वाटेला जाऊ नये.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण हवे असेल, तर साक्री तालुक्यातला शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प पाहावा. २०१३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाला केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेचे कर्ज होते. वीज रुपयांत विकायची आणि कर्ज परकी चलनात घ्यायचे, की रुपया घसरण्याचा धोका कोणाला तरी पत्करावा लागतो. विकसनशील देशांच्या या अडचणीला अर्थशास्त्रात चक्क "मूळ पाप" म्हणतात. केंद्राच्या एकूण खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा आजही व्याजातच जातो, हे परीक्षेच्या उत्तरात अवश्य लिहावे.

अमळनेरहून एका वाचकाचे एका ओळीचे पत्र आहे: "पाडळसे धरण. आमना वावरले पानी कधी भेटी?"

तारीख मला सांगता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळाली तेव्हा निम्न तापी प्रकल्पाचा, म्हणजेच पाडळसे धरणाचा, अंदाज दीडशे कोटींच्या आत होता. आता तो चार हजार कोटींच्या पलीकडे गेला आहे. राज्याने एकाच वेळी शेकडो कामे सुरू केली आणि प्रत्येकाला वर्षाला थोडे थोडे दिले, म्हणजे प्रत्येक काम अर्धवट राहते, दर वाढतात आणि आधी ओतलेला पैसा पाण्याविना पडून राहतो. नवे भूमिपूजन बातमीत येते, जुन्याचा शेवटचा दरवाजा बसणे येत नाही.

पिंपळनेरहून एक निवृत्त तलाठी विचारतात: "जंगल राखल्याबद्दल राज्यांना केंद्राकडून पैसा मिळतो म्हणतात. तो राखणाऱ्या गावापर्यंत का पोहोचत नाही? आणि गावाच्या हाती पैसा दिला, तर तो टिकतो का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्राचे कर राज्याराज्यांत वाटण्याच्या सूत्रात वनाच्छादनाला साडेसात टक्के भार दिला आणि पंधराव्याने तो दहा टक्के केला. जगात असा प्रयोग ब्राझीलच्या पाराना राज्याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केला होता, पण तिथला पैसा राज्याकडून थेट नगरपालिकांकडे जातो. आपल्याकडचा पैसा राज्याच्या तिजोरीत मिसळतो आणि कशावर खर्च करावा याचे बंधन नसते. त्यामुळे राज्यांनी वनखात्याची तरतूद वाढवली, असा ठोस पुरावा पहिल्या काही वर्षांच्या अभ्यासात मिळाला नाही. आपल्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले, २०२५ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण गावाने चराईबंदी पाळली आणि लाकूडतोडीला दंड लावला, तो या सूत्राकडे पाहून नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असणार, कारण पांझरेकाठची फडपद्धत आपण दप्तरात पाहिली असेल. बंधाऱ्यातून पाट निघे, गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असत, एका फडात त्या हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि प्रत्येकाची पट्टी निरनिराळ्या फडांत असल्याने पाणी कमी पडले तर ते कोणा एकाच्याच नशिबी येत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना मोबदला बहुधा धान्यात. पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. स्पेन, नेपाळ, फिलिपिन्समधल्या जुन्या पाटांवरून त्यांनी दाखवले की, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, राखणदार त्यांनाच जबाबदार असेल आणि पहिल्या चुकीला लहान शिक्षा असेल, तर अशी व्यवस्था शतकानुशतके चालते.

तेव्हा गावाच्या हाती पैसा टिकतो का, याला माझे उत्तर असे की, बांधकामाच्या पैशाचे सांगता येत नाही, पण देखभालीचा पैसा गावाकडे असलेलाच बरा. आपल्या अनुदानांत नेमके उलटे आहे: सिमेंटच्या बंधाऱ्याला निधी असतो, पाटकऱ्याच्या पगाराला अंदाजपत्रकात शीर्षकच नसते. वरच्या अंगाला सरकारी धरणे झाली, पाणी सोडण्याची वेळ सरकारी कचेरीत ठरू लागली, आणि फडातल्या जागल्याला कोणी काम विचारीनासे झाले. आपल्या सेवाकाळात एखाद्या गावची फडाची वही शाबूत पाहिली असेल, तर तिची नक्कल आमच्याकडे जरूर पाठवावी.