वाचकांच्या शंका : अब्जात तीन-चार क्षय मोजायचे कसे?

प्रश्न : सर्नच्या एलएचसीवर (प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावर) ‘बी-एस’ मेसॉनचा (क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून बनलेल्या अल्पायुषी कणाचा) दोन म्यूऑनांत (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांत) होणारा क्षय अब्जात साधारण 3 ते 4 वेळाच घडतो, असे वाचले. मुळात मेसॉन किती तयार झाले, हे मोजतात कसे? आणि सापडलेली जोडी खरी कशावरून?

उत्तर : मेसॉन एकेक करून कोणी मोजत नाही. त्याच टकरींत बी-प्लस या बी-एसच्या भावंड मेसॉनपासून जे-साय आणि केऑन हे त्याहून हलके मेसॉन तयार होतात, आणि जे-सायचे पुढे दोन म्यूऑन होतात. दोन्ही पायऱ्या धरून हे लाखात सुमारे 6 वेळा घडते, आणि ते प्रमाण आधीच नीट मोजलेले आहे. म्हणून बी-एसच्या क्षयाचे या क्षयाशी गुणोत्तर काढतात. दोन्हीकडे म्यूऑनच असल्याने ट्रिगर (नोंदवायच्या टकरी क्षणात निवडणारी यंत्रणा) आणि म्यूऑन ओळखण्यातल्या त्रुटी भागाकारात बऱ्याचशा उडून जातात. जास्तीच्या केऑनचा हिशेब तेवढा वेगळा करावा लागतो. खरी डोकेदुखी पुढे आहे. बी-एस हे बी-प्लसच्या साधारण चौथा हिस्साच तयार होतात, आणि या हिश्श्यातली अनिश्चितता थेट उत्तरात उतरते.

आता जोडीचे. बी-एसचे आयुष्य सरासरी 1.5 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे अब्जांश सेकंदाचा हजारावा भाग), एलएचसीबी या एलएचसीवरच्या शोधकात तेवढ्यात तो सुमारे सेंटिमीटरभर जातो. म्हणजे दोन्ही म्यूऑनांचे मार्ग टकरीच्या जागेपासून दूर, एकाच बिंदूत मिळायला हवेत आणि जोडीचे वस्तुमान बी-एसएवढे, म्हणजे 5,367 एमईव्हीच्या (कणांच्या वस्तुमानाचे एकक) आसपास यायला हवे. दोन वेगळ्या बी-कणांतून आलेले म्यूऑन योगायोगाने जुळतात, पण त्यांची वस्तुमाने सपाट पसरतात. बी-एसच्या वस्तुमानाच्या आजूबाजूच्या पट्ट्यांवरून त्यांचा अंदाज बांधता येतो. तोतये जास्त घातक. बी-शून्य या आणखी एका भावंड मेसॉनमधून निघालेले केऑन-पायॉन (पायॉन हाही हलका मेसॉन) वाटेतच म्यूऑनमध्ये क्षय पावले, तर त्यांचा उंचवटा बी-शून्यच्या 5,280 एमईव्ही वस्तुमानाच्या किंचित खाली उठतो. बी-एसला त्याचा त्रास कमी. पण बी-शून्यचा म्यूऑन-क्षय, जो दहा अब्जांत एखादाच अपेक्षित आहे, त्याच भागात शोधायचा असतो.

प्रश्न : मग खऱ्या जोड्या जिथे अपेक्षित, वस्तुमानाचा तोच पट्टा शेवटपर्यंत झाकून का ठेवतात?

उत्तर : मोजक्या घटना डोळ्यांसमोर असल्या की निकष नकळत त्यांच्याच सोयीने ठरतात. म्हणून निकष आणि पार्श्वभूमीचा (खोट्या जोड्यांचा) अंदाज पक्का झाल्यावरच पट्टा उघडतात. निवडीच्या अल्गोरिदमला वस्तुमान दाखवत नाहीत, आणि त्याचा निकाल वस्तुमानानुसार बदलत नाही ना, हेही तपासतात. तसा बदलत असेल, तर निव्वळ पार्श्वभूमीतूनही खोटा उंचवटा उभा राहू शकतो.