वाचकांचे प्रश्न : गिधाडे, गोठा आणि औषधाची बाटली

गिधाडांच्या संवर्धनाविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या ढोरफोडीवर पूर्वी मेलेले जनावर टाकले की थोड्याच वेळात गिधाडांचा थवा उतरत असे. आता तिथे फक्त भटकी कुत्री असतात. कोणी मोबाइलच्या मनोऱ्यांना दोष देतो, कोणी जंगलतोडीला. खरे कारण कोणते? (एक दूध उत्पादक, सातारा जिल्हा)

उत्तर : मनोरे गावोगावी उभे राहण्यापूर्वीच गिधाडांची घट सुरू झाली होती, त्यामुळे तो आरोप टिकत नाही. जंगलतोडीचेही तसेच आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झाडे शाबूत होती, संरक्षण होते, खाद्यही कमी नव्हते. तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची जेवढी घरटी होती, त्यांच्या निम्मीसुद्धा पुढील दहा वर्षांत उरली नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली, तेव्हा एखाद्या विषाणूचा संशय घेतला जात होता.

उलगडा झाला तो पाकिस्तानातील पंजाबमध्ये. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा त्यांच्या यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर चुना फासावा तसा युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण होती, आणि त्याचे कारण म्हणून २००४ मध्ये जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पुढे आले. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात, विशेषतः यकृतात आणि मूत्रपिंडात उरतो, आणि ते मांस खाल्लेले गिधाड काही दिवसांतच मरते. एका मढ्यावर गिधाडे डझनांनी उतरत असल्यामुळे शंभर मृत जनावरांत एखादे दूषित असणेही त्यांच्या नाशाला पुरेसे होते. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीच्या दर हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरले; लांब चोचीच्या गिधाडांतील घटही ९७ टक्क्यांच्या जवळपास होती. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात यायला चार-पाच वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही हानी लवकर का भरून निघत नाही ते कळते. ढोरफोडीवरची कुत्री हा त्याचाच परिणाम आहे, कारण गिधाडांनी सोडलेले अन्न त्यांच्या वाट्याला आले.

प्रश्न : डायक्लोफेनॅकवर बंदी आहे ना? मग अजून काळजी का करायची? आणि डॉक्टर गाईला कोणते इंजेक्शन देतात, हे आम्हाला कसे कळणार? (एक पशुपालक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या औषधांच्या दुकानात मिळतच राहिल्या आणि त्या गोठ्यात पोहोचल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकमात्रा बाटलीपुरते मर्यादित करण्यात आले. काही कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. तोवर त्याच जातीची दुसरी औषधे वापरात आली होती. त्यांपैकी अ‍ॅसिक्लोफेनॅकचे तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनवर जनावरांसाठी २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. एकेका औषधामागे इतकी वर्षे जाणे हे आमच्या मते या साऱ्या व्यवस्थेचे मोठे अपयश आहे, आणि त्याचे खापर केवळ पशुपालकांच्या माथी फोडणे अन्यायाचे ठरेल.

आपल्या हाती असलेली गोष्ट साधी आहे : बाटलीवरचे नाव वाचून घ्यावे. कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव पाहावे. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनामिक आम्ल ही दोन औषधे गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांत दिसले आहे. मेलॉक्सिकॅमने गाय लवकर उठत नाही, अशी तक्रार पशुपालक करतात. ती निराधार म्हणता येणार नाही, परंतु औषध स्वतःच्या मनाने न बदलता तसे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे तेच योग्य मात्रा ठरवतील. उपचार चालू असताना जनावर दगावले आणि कोणते औषध दिले ते ठाऊक नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. बिबट्याचा सूड म्हणून मेलेल्या वासराला विष लावण्याचे प्रकारही घडतात. ते तर गुन्हाच आहे, आणि त्यात गिधाडे नाहक मरतात.

प्रश्न : पिंजऱ्यात गिधाडे वाढवून सोडण्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर : आहे, पण एका अटीवर. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात पहिले अंडे काढून उबवणी यंत्रात ठेवतात, त्यामुळे मादी दुसरे घालते आणि एका हंगामात दोन पिल्ले मिळू शकतात. तेथील गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली. मात्र गिधाड व्याघ्र प्रकल्पाची हद्द पाळत नाही. खाद्याच्या शोधात ते शंभर किलोमीटरही जाते, म्हणून ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ आखताना तेवढ्याच त्रिज्येतील गोठे, पशुवैद्यक आणि औषधांची दुकाने हिशेबात घ्यावी लागतात. ती घेतली नाहीत, तर पिंजोरची वर्षांची मेहनत एका मढ्यावर वाया जाईल.

प्रश्न : सह्याद्रीत भटकताना कड्यावर घरटे दिसले, तर काय करावे? (एक गिर्यारोहक, पुणे)

उत्तर : लांब चोचीची गिधाडे कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि त्यांचा विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होतो. त्या कड्यावर दोर लावू नये आणि ड्रोन उडवू नये, कारण बिथरलेले पक्षी अंडे उघडे टाकून उडतात. लांबूनच छायाचित्र घ्यावे, समाजमाध्यमांवर ठिकाण जाहीर करू नये आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.