नागपूरच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग

आपण ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ग्राफिक्स कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायला, नव्यानेच सुरुवात करणार असाल, तर नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना तरी ती करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कार्डाचे पंखे खोलीतलीच हवा ओढतात. कॅबिनेट कुलरच्या झोतात ठेवू नका, कारण दमट हवेने धूळ पात्यांना चिकटून बसते. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉक (कार्डाच्या मुख्य चिपचा वेग) एका वेळी १५ ते २० मेगाहर्ट्झच वाढवावा, दर वेळी अर्धा तास एखादा जड गेम चालवावा आणि पडद्यावर रंगीत ठिपके चमकू लागले की दोन पायऱ्या मागे यावे. कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवणे अधिक फसवे असते: मेमरी चुका स्वतःच दुरुस्त करत राहते, त्यामुळे काही बिघडल्याचे दिसत नाही, पण गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कमी होतात, म्हणून दर वेळचा वेग आणि फ्रेमचा आकडा वहीत लिहून ठेवावा. व्होल्टेजला तूर्त हात लावू नये.